चार गाण्यांचा सांधा

वाचकहो, मागच्या अंकात स्थानिक रेडिओवरच्या ‘माळ लावा’ छापाच्या स्पर्धांबद्दल मी ओझरतं लिहिलं होतं. केंद्र चार गाणी मागतं. ती श्रोत्याने निवडायची, क्रम लावायचा, ती एकमेकांशेजारी का शोभतात ते दोन-तीन वाक्यांत लिहायचं. ज्याची माळ सरस, ती एका संध्याकाळी सलग वाजते. त्या ओझरत्या उल्लेखावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर पूर्ण याच विषयाला दिलं आहे. आधी वाचकाचं पत्र, त्याखाली माझं उत्तर. मी स्वतः अशी स्पर्धा एकदा हरले आणि एकदा जिंकले. नंतर बारा वर्षं एका छोट्या केंद्रावर गाणी लावायचं काम केलं, तिथे याच स्पर्धेच्या याद्या वाचणं माझ्याकडे होतं. तेव्हा जे लिहिते आहे ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

ताई, मी तीन वेळा यादी पाठवली आणि तिन्ही वेळा नंबर आला नाही. शेवटची यादी तर पूर्ण पावसाच्या गाण्यांची होती, एकही गाणं विषयाबाहेर नव्हतं. जिंकलेल्या यादीत मात्र एक अंगाईगीत, एक प्रवासाचं गाणं, एक विरहाचं आणि एक चक्क विनोदी! यात जुळणारं काय आहे? सोबत माझी यादी जोडली आहे.

तुमची यादी मी दोनदा लावून ऐकली. गाणी चारही सुंदर आहेत. पण पहिलं गाणं संपतं ते एकट्या बासरीवर, हळूहळू विरत जाणाऱ्या. शेवटचे सात-आठ सेकंद तर ती बासरी आहे की आपल्याला भास होतोय, असं वाटतं. आणि त्यावर तुमचं दुसरं गाणं सुरू होतं ते ढोलाच्या सणसणीत थापेने. मी दचकले. मुसळधार पावसाचं ते गाणं मला खूप आवडतं, तरी त्या क्षणी ते नकोसं झालं. हा दोष गाण्याचा नाही, शेजाराचा आहे.

विषय आपल्याला कागदावर दिसतो, कानाला तो सगळ्यात शेवटी कळतो. गाणं सुरू झाल्यावर कान आधी लय पकडतो, मग सूर, मग आवाजाचा आणि वाद्यांचा पोत. शब्दांचा अर्थ त्यानंतर. ‘पाऊस’ हा शब्द ऐकू येईपर्यंत तुमच्या श्रोत्याला धक्का बसून गेलेला असतो. जिंकलेल्या यादीत विषय चार होते, पण एका गाण्याचं शेवटचं पाऊल जिथे पडलं तिथेच पुढच्याचं पहिलं पाऊल पडत होतं. मी याला सांधा म्हणते. चार गाण्यांत सांधे तीनच असतात, आणि स्पर्धा जिंकली किंवा हरली जाते ती त्या तीन जागी.

मीही पहिल्यांदा अशीच हरले. माझी यादी चंद्राची होती. चारही मुखड्यांत चंद्र, आणि मला त्याचा फार अभिमान होता. वाजवून मात्र मी ती एकदाही पाहिली नव्हती. नुसती वहीत लिहिली आणि पाठवली.

दुसऱ्या वेळी मी वही बाजूला ठेवली. आवडीच्या तीस-पस्तीस गाण्यांचे फक्त शेवटचे वीस सेकंद आणि पहिले वीस सेकंद ऐकत बसले. तीन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री एक गाणं संपलं. काळी एकच्या पट्टीतलं, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा मानून गायलेलं, शेवटी गायक षड्जावर, म्हणजे सा वर, येऊन थांबतो आणि मागे नुसता तानपुरा राहतो. तो सा कानात घोळत असतानाच मी दुसरं गाणं लावलं. ते काळी तीनचं होतं, आणि गायिका वाद्यांशिवाय एकटीच उठते ती पंचमावर, म्हणजे प वर. काळी तीनचा पंचम म्हणजे काळी एकच! सूर तोच, जागचा हललाही नव्हता. मघाशी तो घरी पोचल्याचा सूर होता, आता निघण्याचा झाला. माझ्या अंगावर काटा आला. उरलेली दोन गाणी मी त्या एका सांध्याच्या आधाराने शोधली, आणि ती माळ वाजली.

आता तुमच्या यादीकडे. मी घड्याळ लावून ठोके मोजले. पहिलं गाणं मिनिटाला 66, दुसरं 118, तिसरं 92, चौथं 84. पहिल्यानंतर चौथं घ्या, मग तिसरं, आणि ते ढोलाचं गाणं शेवटी. पाऊस भुरभुर सुरू होऊन वाढत गेल्यासारखं होईल, आणि जो विषय तुम्ही शब्दांत शोधत होतात तो लयीत येईल. यादी तीच आहे, फक्त क्रम बदलला. पुन्हा पाठवा.

ठोके मोजायचे म्हणजे नेमकं काय करायचं?

गाण्याबरोबर आपला पाय किंवा बोट जिथे आपोआप पडतं, ते ठोके. पंधरा सेकंदांत किती पडले ते मोजा आणि चारने गुणा. दोन गाण्यांचे आकडे जवळ असले तर सांधा बसायला सोपा. एक आकडा दुसऱ्याच्या दुप्पट असला तरी छान बसतो, कारण 66 चा प्रत्येक ठोका 132 च्या एकाआड एका ठोक्यावर पडतो. पायाला ते कळतं. अडचण होते ती मधल्या आकड्यांची. वरच्या पत्रातलं 66 वरून 118 हे तसलंच, धड जवळ नाही आणि धड दुप्पट नाही.

ताल बदलला तर बिघडत नाही. सहा मात्रांच्या दादऱ्यावरून आठ मात्रांच्या केरव्यावर जाताना मात्रेचा वेग तोच ठेवा, ऐकणाऱ्याला वळण जाणवेल पण ठेच लागणार नाही. सात मात्रांच्या रूपकानंतर मात्र मी लगेच केरवा लावत नसे. रूपकात एक पाऊल अर्धवट राहिल्यासारखं वाटतं, ते मनात विरायला क्षणभर द्यावा लागतो. तिथे वाद्यांची संथ सुरुवात असलेलं गाणं घ्यावं.

मी संगीत अजिबात शिकलेलो नाही. काळी एक, पांढरी चार हे मला कळत नाही. माझ्यासारख्याने या स्पर्धेच्या वाटेला जाऊच नये का?

जरूर जा. मी केंद्रावर असताना वाचलेल्या सगळ्यांत चांगल्या याद्यांपैकी दोन अशा बाईंच्या होत्या ज्यांनी कधी पेटीला हात लावला नव्हता.

एक युक्ती करा. गाणं संपलं की ते ज्या सुरावर विसावलं तो सूर तोंड मिटून गुणगुणा. पहिल्यांदा जमत नाही, दोन-चार गाण्यांनंतर जमतं. गुणगुणणं न थांबवता पुढचं गाणं लावा. तीनांपैकी एक गोष्ट होईल. तुमचा सूर नव्या गाण्यात विरघळेल, म्हणजे पट्टी एकच आहे. किंवा तो वेगळा ऐकू येईल पण दोन माणसं एका बाकावर आरामात बसावीत तसा बसेल, म्हणजे बहुधा सा आणि पंचम किंवा सा आणि मध्यम असं नातं आहे. किंवा तुमचा गळा किंचित वर किंवा खाली सरकायला धडपडेल, कसंनुसं वाटेल. तिथे दोन पट्ट्यांत बहुतेक अर्ध्या सुराचा फरक आहे, काळी एक आणि पांढरी दोन यांच्यात असतो तसा. शेजारी म्हणून हा फरक सगळ्यात त्रासदायक. पुष्कळ लांबचे सूर खपतात, इतके जवळचे खपत नाहीत.

ज्यांना राग कळतात त्यांच्यासाठी इथेच एक गंमत सांगते, बाकीच्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. भूपाचे सूर पाच: सा रे ग प ध. आता हेच पाच सूर ठेवून गंधाराला सा माना. हाती येतो मालकंस. म्हणजे पांढरी एकमधलं भूपातलं गाणं आणि पांढरी तीनमधलं मालकंसातलं गाणं पेटीच्या त्याच पाच पट्ट्यांवर वाजतात. एक मोकळं, प्रसन्न, दुसरं खोल आणि गंभीर. ही दोन गाणी शेजारी लावून पाहा. मनःस्थिती पूर्ण पालटते, तरी कानाला कुठेही धक्का नाही. मला अजूनही याचं नवल वाटतं.

जुन्या गाण्यांच्या बाबतीत एक सावधगिरी घ्या. तबकडी किंवा टेप मूळ वेगापेक्षा जरा वेगळ्या वेगाने फिरवून उतरवून घेतली असेल तर सगळं गाणंच वर किंवा खाली सरकतं. वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक पडला की सूर अर्ध्याने हलतो. म्हणून एकाच गाण्याच्या दोन प्रती कधी कधी दोन पट्ट्यांत ऐकू येतात, आणि पुष्कळ जुनी गाणी पेटीच्या दोन सुरांच्या मधेच कुठेतरी राहतात. पेटीवर विसंबू नका, गुणगुणून पाहा.

वडिलांना 1950 च्या दशकातली गाणी हवीत, मला आजची. आम्ही दोघांनी मिळून यादी पाठवायचं ठरवलं आहे, पण एकत्र लावली की दोन वेगळी केंद्रं लागल्यासारखी वाटतात. काय करावं? मला तू म्हणालात तरी चालेल.

आधी तुम्हा दोघांचं कौतुक. वाद घालत का होईना, पण दोघं एकत्र बसून गाणी ऐकता आहात.

तुला जे ऐकू येतंय ते ध्वनिमुद्रणातलं अंतर आहे. वडिलांची गाणी एका वाहिनीवर (मोनो) मुद्रित झालेली, तुझी डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांवर (स्टिरिओ) पसरलेली. जुन्यात अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर फारसे उतरतच नसत. नव्या गाण्यांत ते भरपूर असतात, शिवाय हळू आणि मोठा यांतला फरक दाबून सगळा आवाज वरच्या पातळीवर आणलेला असतो. त्यामुळे जुन्यानंतर लगेच नवं आलं की हात आवाज कमी करायला जातो आणि नव्यानंतर जुनं आलं की वाढवायला. श्रोत्याचा हात बटणाकडे गेला, की सांधा निखळलाच.

उपाय म्हणजे मधे पूल घाल. 1950 वरून थेट आजवर उडी मारू नकोस, 1970-80 च्या दशकातलं एखादं गाणं मधे घे. किंवा तुझ्या बाजूने असं गाणं शोध जे आजचं असूनही गिटार किंवा पेटी अशा एखाद्याच वाद्यावर उभं आहे. वाद्यं कमी असली की दोन काळांमधलं अंतर कमी ऐकू येतं. चार गाण्यांत काळाची ये-जा दोनदा करू नकोस, एकदाच कर, मग ती दिशा एका घरातल्या दोन पिढ्यांची वाटेल.

लांबीही बघ. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, म्हणून त्या काळची बहुतेक गाणी तेवढीच. जास्त वेळ वाजणारी तबकडी (एलपी) 1948 मध्ये आली, तरी तीन मिनिटांची सवय बरीच वर्षं टिकली. नंतरची गाणी पाच-सहा मिनिटांचीही सापडतील. तीन मिनिटांच्या दोन गाण्यांनंतर सहा मिनिटांचं एक लावलंस तर ते कितीही चांगलं असलं तरी लांबल्यासारखं वाटतं.

माझी माळ निवडली गेली, पण वाजताना निवेदक प्रत्येक सांध्यावर बोलत राहिला! तिसऱ्या गाण्याचा शेवट तर कापलाच. मी ज्यासाठी महिनाभर राबले तेच ऐकू आलं नाही. तक्रार करावी का?

तुमचं दुःख मला अगदी आतून कळतं. तक्रार म्हणून नको, पण पत्र जरूर लिहा. कोणता सांधा कशासाठी होता ते शांतपणे कळवा. चांगला निवेदक असं पत्र जपून ठेवतो.

पुढच्या वेळी मात्र निवेदक बोलणार हे धरूनच निवड करा. त्याच्याही अडचणी असतात. हवेत काही सेकंद शांतता पसरली तर ऐकणाऱ्याला वाटतं केंद्र बंद पडलं, म्हणून शांततेची त्याला धास्ती असते. सुरुवातीला पंधरा-वीस सेकंद नुसती वाद्यं असलेलं गाणं आलं की तो त्यावर बोलणार. जिथे बोललेलं चालेल तिथे असं गाणं ठेवा, उदाहरणार्थ माळेच्या आरंभी. ज्या सांध्याला तुम्हाला धक्का लागू द्यायचा नाही, तिथे पहिल्या क्षणापासून गळा सुरू होणारं गाणं घ्या. गाणाऱ्याच्या शब्दावर शब्द टाकायला कुठलाही निवेदक बिचकतो. आणि संपताना विरत जाणारी गाणी टाळा. आवाज विरायला लागला की कापायचा मोह होतोच. ठाम संपणारं गाणं, समेवर येऊन थांबणारं, कोणी कापत नाही.

शक्य असेल तर अर्जातच एक वाक्य लिहा: “दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधे कृपया बोलू नये.” आमच्याकडे अशी वाक्यं येत, आणि मी ती लाल शाईने निवेदकासमोर ठेवत असे.

फोनवरचं ॲप आपोआप जुळणारी गाणी सुचवतं. तीच यादी पाठवली तर?

पाठवू नका. ॲप ठोके आणि पट्टी जवळपास बरोबर ओळखतं, तेवढ्या मोजणीसाठी खुशाल वापरा. पण बहुतेक वेळा त्याला सारखेपणा सापडतो. सारखी चार गाणी म्हणजे एकच गाणं चारदा. जोडीला थोडा विरोध लागतो, तो कुठे आणि किती हे तुमच्या कानाने ठरवायचं.

अशा स्पर्धा अलीकडच्याच ना? आमच्या वेळी नुसती फर्माईश असे.

नाही हो. 1952 साली रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या निवेदनात बिनाका गीतमाला सुरू झाली, तेव्हा तिच्यात क्रमवारी नव्हती. सात गाणी वाजत, आणि ती कोणती आधीची, कोणती नंतरची असा काळाचा क्रम लावून श्रोत्यांनी कळवायचं असे. लोकप्रियतेची क्रमवारी पुढे आली. म्हणजे गाण्यांचा क्रम लावून पत्र टाकायचा खेळ तुमच्या वेळीही होता. तुमच्या घरी कोणी ना कोणी ती पत्रं टाकली असतील, विचारून पाहा.

माझ्या पत्नीला ऐकू येणं कमी होत चाललं आहे. वरचे सूर गेले, खालचे अजून बरे ऐकू येतात. शब्द पुसट होतात असं ती म्हणते. आम्ही दोघांनी आयुष्यभर रेडिओ ऐकला. तिला नीट ऐकू येतील अशी चार गाणी मला स्पर्धेला पाठवायची आहेत. ती एकमेकांत बसतील का? आणि कारण लिहिताना हे लिहावं की नाही?

तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त वेळ बसायचं होतं.

वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते बहुतेक वेळा वरच्या टोकापासून. स, श, फ अशा व्यंजनांची ओळख त्याच उंच कंपनांत असते, म्हणून आवाज येतो पण शब्द पुसट होतो. वहिनी म्हणतात ते अगदी बरोबर आहे. बासरी, झांजा, तारसप्तकात गाणाऱ्या गायिका हे त्यांच्यापर्यंत अर्धवट पोचत असणार. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण 100 ते 150 हर्ट्झमध्ये असतो, बाईचा 200 च्या आसपास. तेव्हा भरदार पुरुषी गळा घ्या, किंवा खालच्या पट्टीत गाणारी गायिका. वाद्यांत डग्ग्याचा घुमारा, पखवाज, सारंगीचे खालचे सूर. आणि गाणी नवी नकोत. त्यांना पाठ असलेलीच घ्या. जिथे कान शब्द सोडेल तिथे आठवण तो भरून काढते.

एकमेकांत बसतील का, असं विचारलंत. या याद्या आपोआप बसतात, कारण निवड एका कानासाठी झालेली असते. पोत आधीच एक झाला. तुम्हाला फक्त लय आणि पट्टी पाहायची आहे. गाणी त्यांच्यासमोर लावा. आवाज नेहमीएवढाच ठेवा, वाढवू नका, आणि एक संपून दुसरं सुरू होताना त्यांच्या हाताकडे बघा. बोटं ठेका धरून राहिली तर तो सांधा पक्का. थांबली, तर दुसरं गाणं बदला.

कारण जरूर लिहा. जे मला लिहिलंत तेच, याच शब्दांत, एकही शब्द न वाढवता. फक्त एक विनंती अर्जाच्या वर वेगळी करा, की माळ वाजेल तो दिवस आणि वेळ तुम्हाला आधी कळवावी. त्या संध्याकाळी पंखा बंद ठेवा. त्याची घरघर आपल्याला जाणवत नाही, पण खालच्या सुरांच्या अगदी शेजारी असते. आणि रेडिओ भिंतीतल्या कपाटातून काढून त्यांच्या ज्या बाजूच्या कानाला बरं ऐकू येतं, त्या बाजूला टेबलावर ठेवा.